विश्लेषण : ‘केजी’ कोणी सुरू केले? मुलांना खेळू देणाऱ्या या शाळेवर सरकारने बंदी का घातली होती?

ज्युनिअर केजी, सीनिअर केजी हे शब्द आता घराघरात मराठीच झाले आहेत. या वर्गांत दिवसभर काय चालते, हेही बहुतेक पालकांना ठाऊक असते. मुले गोलात बसतात, टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. ठोकळ्यांचे घर होते, रंगीत कागदाची होडी होते, मातीचा लाडू वळला जातो, कुंडीत मेथीचे दाणे पेरले जातात. मोठ्यांना यात गंमत दिसते, पण अभ्यास दिसत नाही. एवढी फी भरून मूल फक्त खेळतेच का, हा प्रश्न मग हमखास येतो.

केजी म्हणजे किंडरगार्टन. हा जर्मन शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे मुलांची बाग. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८४० मध्ये तो प्रचारात आणला. गोल, गाणे, चेंडू, ठोकळे, घडीकाम आणि बाग या गोष्टी लहान मुलांच्या एकाच दिवसात का असाव्यात, याची पद्धतशीर मांडणी त्यांनी केली. पुढे प्रशियाच्या सरकारने याच शाळांवर बंदी घातली. ती उठण्याआधीच फ्रोबेल यांचे निधन झाले. कोण होते हे फ्रोबेल? त्यांच्या किंडरगार्टनमधला दिवस कसा असे? आणि ठोकळे खेळणाऱ्या मुलांपासून सरकारला कसला धोका वाटला?

फ्रोबेल यांचे बालपण कसे होते?

फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी मध्य जर्मनीतील थुरिंगिया भागात, ओबरवाइसबाख या डोंगराळ गावात झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. फ्रेडरिक जेमतेम नऊ महिन्यांचा असताना त्याची आई गेली. वडिलांचा सगळा वेळ चर्चच्या कामात जाई. काही वर्षांनी घरात सावत्र आई आली. सुरुवातीला तिने माया लावली, पण तिला स्वतःचा मुलगा झाल्यावर फ्रेडरिक बाजूला पडला.

हे मूल मंदबुद्धीचे आहे, असा घरात समज होता. वडिलांनी त्याला गावातल्या मुलींच्या शाळेत घातले. घरी बोलायला कोणी नाही, म्हणून तो बागेत आणि आसपासच्या रानात रमायचा. दहा वर्षांचा झाल्यावर मामा त्याला आपल्याकडे, श्टाटइल्म या गावी घेऊन गेले. तिथे पहिल्यांदा त्याला बरोबरीची मुले आणि मोकळेपणा मिळाला. पाच वर्षे तो मामांकडे राहिला.

पुढे आयुष्यभर फ्रोबेल आईच्या मांडीवरच्या खेळांबद्दल लिहीत राहिले, लहान मुलाला पहिल्या वर्षांत काय मिळाले पाहिजे हे सांगत राहिले. त्यांना स्वतःला त्यातले जवळपास काहीच मिळाले नव्हते.

जंगल, मोजमाप आणि तुरुंग ते शाळा हा प्रवास कसा झाला?

पंधराव्या वर्षी त्यांना एका वन अधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला ठेवण्यात आले. तिथे झाडे ओळखणे आणि जमीन मोजणे सुरू झाले. १७९९ मध्ये ते येना विद्यापीठात गेले. पण पैसे संपले, कर्ज झाले आणि कर्जापायी विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. पदवी न घेताच ते घरी परतले. त्यानंतर काही वर्षे जंगल खात्यातले काम, जमीन मोजणी, जमीनदाराच्या इस्टेटीचे हिशेब अशा नोकऱ्या त्यांनी केल्या.

१८०५ मध्ये ते वास्तुकला शिकण्यासाठी फ्रँकफर्टला आले. तिथल्या एका प्रयोगशील शाळेचे प्रमुख ग्रूनर यांनी त्यांना शिकवण्याचे काम देऊ केले. वर्गात उभे राहिल्यावर आपले काम हेच, अशी फ्रोबेल यांची खात्री पटली. त्या काळात स्वित्झर्लंडमधील इव्हर्डन येथे योहान पेस्टालोझी यांची शाळा युरोपभर गाजत होती. पाठांतराऐवजी वस्तू हाताळून आणि निरीक्षण करून शिकणे हा तिचा पाया होता. फ्रोबेल १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे तिथे राहिले. पद्धत त्यांना आवडली, पण तिच्यात एक धागा कमी वाटला. सुट्या सुट्या वस्तू दाखवून मुलाला जगाची जोडणी कशी कळणार, हा त्यांचा प्रश्न होता.

उत्तर त्यांना दगडांत सापडले. बर्लिन विद्यापीठात त्यांनी ख्रिस्तियन व्हाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली अभ्यास केला आणि पुढे तिथल्या खनिज संग्रहालयात मदतनीस म्हणून काम केले. स्फटिक आतल्या नियमाने वाढतो. बाहेरून कोणी त्याला कोपरे पाडत नाही. मूलही असेच आतून वाढते, मोठ्यांनी फक्त योग्य परिस्थिती द्यायची, हा विचार त्यांच्या मनात इथे पक्का झाला. पुढे त्यांनी मुलांच्या हाती दिलेले घन, दंडगोल आणि त्रिकोणी तुकडे पाहिले की या संग्रहालयाची आठवण येते.

मधल्या काळात, १८१३ मध्ये, नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते स्वयंसेवक सैनिक म्हणून गेले. त्या तुकडीत त्यांना विल्हेल्म मिडेनडॉर्फ आणि हाइनरिख लांगेथाल हे दोन तरुण भेटले. हे दोघे पुढे त्यांचे सर्वात जवळचे सहकारी झाले.

लहान मुलांकडे ते कसे वळले?

फ्रोबेल यांच्या एका भावाचे साथीच्या तापाने निधन झाले. वहिनीने मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेण्याची विनंती केली. फ्रोबेल यांनी संग्रहालयातली नोकरी सोडली आणि १८१६ मध्ये पाच पुतण्यांना घेऊन शाळा सुरू केली. पुढच्याच वर्षी ती काइलहाऊ या खेड्यात हलवली. १८२६ मध्ये त्यांचे ‘माणसाचे शिक्षण’ हे मुख्य पुस्तक प्रसिद्ध झाले.

काइलहाऊची शाळा चांगली चालली, पण सरकारी संशय तेव्हापासूनच मागे लागला. जर्मन एकीची स्वप्ने पाहणारे तरुण शिक्षक आणि मोकळ्या वातावरणात वाढणारी मुले, हे चित्र प्रशियाला रुचणारे नव्हते. स्थानिक राजवटीने चौकशी केली. तपासनिसाने शाळेबद्दल चांगलाच अहवाल दिला, पण तोवर पालक बिचकले होते. १८२९ पर्यंत विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके उरले.

पैशाचे गणित फ्रोबेल यांना कधीच जमले नाही. १८३१ मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले. तिथे बुर्गडॉर्फ येथील अनाथालय सांभाळताना आणि शिक्षकांना प्रशिक्षण देताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. सहा-सात वर्षांचे मूल शाळेत येते, तेव्हा त्याच्या आयुष्यातली पायाभरणीची वर्षे निघून गेलेली असतात. त्या वर्षांकडे कोणाचेच लक्ष नाही.

लहान मुलांना सांभाळणाऱ्या संस्था तेव्हा युरोपात होत्या. पण कामावर जाणाऱ्या आईचे मूल दिवसभर सुरक्षित राहावे, एवढाच त्यांतल्या बहुतेकींचा हेतू असे. काही ठिकाणी प्रार्थना आणि पाठांतर असे. मूल खेळताना विचार करते, म्हणून खेळाचीच योजना करायची, ही कल्पना नवी होती.

‘मुलांची बाग’ हे नाव का?

१८३७ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, फ्रोबेल यांनी काइलहाऊजवळच्या ब्लांकेनबुर्ग या गावात लहान मुलांच्या खेळासाठी आणि कृतींसाठी संस्था सुरू केली. तिचे नाव लांबलचक होते आणि ते त्यांना पसंत नव्हते. एकदा मिडेनडॉर्फ यांच्यासोबत डोंगरावरून चालत येताना खालची दरी पाहून त्यांना किंडरगार्टन हा शब्द सुचला, असे सांगितले जाते. २८ जून १८४० रोजी, छपाईकलेच्या चारशेव्या वर्षाच्या उत्सवात, या नावाने संस्थेची रीतसर स्थापना झाली.

नाव निव्वळ गोड वाटावे म्हणून ठेवलेले नव्हते. माळी रोपाला ओढून उंच करत नाही. तो माती भुसभुशीत करतो, पाणी देतो, तण काढतो, ऊन येईल असे बघतो. शिक्षिकेचे कामही हेच, असा त्या नावाचा अर्थ होता. शिवाय किंडरगार्टनला खरोखरची बाग असणे फ्रोबेल यांना आवश्यक वाटे.

किंडरगार्टनमधला दिवस कसा असे?

तीन ते सहा-सात वर्षांची मुले एकत्र येत. सुरुवातीला सगळी गोलात उभी राहत. गोलाला पहिला बाक नसतो आणि शेवटचाही नसतो. प्रत्येक मुलाला प्रत्येक मूल दिसते. फ्रोबेल यांच्या दृष्टीने हा पहिला धडा होता, आपण एकटे नाही, एका मोठ्या गोष्टीचा भाग आहोत. गोलात गाणी आणि हालचालींचे खेळ होत. मुले कधी पक्षी होत, कधी गिरणीचे चाक.

बोटांचे खेळ हाही दिवसाचा भाग होता. त्यासाठी फ्रोबेल यांनी १८४४ मध्ये आईची गाणी आणि खेळ यांचे सचित्र पुस्तक काढले. आपल्याकडे आजी बाळाच्या तळव्यावर बोट फिरवत खेळ सांगते, त्याच जातीचे हे खेळ होते. खेड्यातल्या आया मुलांशी कसे खेळतात, हे पाहून त्यांनी ते जमवले आणि त्यांना क्रम दिला.

मग टेबलावरची कामे. अगदी लहानग्यांच्या हाती लोकरीचे मऊ चेंडू, थोड्या मोठ्यांपुढे ठोकळ्यांच्या पेट्या. या टेबलांवर एकेक इंचाच्या चौकटी आखलेल्या असत, गणिताच्या वहीच्या पानासारख्या. मूल ठोकळा ठेवताना नकळत मापात ठेवू लागे.

त्यानंतर हातकामे. कागदाच्या घड्या, कातरकाम, रंगीत पट्ट्या एकमेकींत गुंफणे, कागदाला सुईने भोके पाडून आकृती काढणे, काड्या मांडणे, माती मळणे. भिजवलेले वाटाणे आणि बारीक काड्या जोडून सांगाडे उभे करणे हे त्यातले खास काम. वाटाणा म्हणजे सांधा, काडी म्हणजे कडा. वाटाणा वाळला की सांधा घट्ट होतो.

आणि बाग. मधोमध प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा आणि त्याच्या सभोवती सगळ्यांचे सामाईक वाफे, अशी फ्रोबेल यांची आखणी होती. आपल्या वाफ्याला पाणी घातले नाही तर रोप सुकते, हे मुलाला कोणी रागावून सांगावे लागत नाही. सामाईक वाफ्यात मात्र सगळ्यांनी मिळून काम करायचे. जबाबदारी आणि सहकार्य हे दोन मोठे शब्द न उच्चारता शिकवण्याची ही सोय होती.

वाचन-लेखनाचा तास या दिवसात नव्हता. ते पुढे शाळेत यायचे होते.

ठोकळ्यांमध्ये एवढे काय आहे?

फ्रोबेल यांनी खेळसाहित्याचा एक क्रम ठरवला आणि त्याला भेटवस्तू म्हटले. पहिली भेट लोकरीच्या सहा चेंडूंची, सहा वेगवेगळ्या रंगांचे आणि दोरी बांधलेले. चेंडू मुठीत लपतो, पुन्हा दिसतो, झुलतो, खाली येतो. आहे, नाही, वर, खाली हे शब्द बाळ खेळता खेळता पकडते.

दुसऱ्या भेटीत लाकडी गोल, घन आणि दंडगोल. गोल कुठूनही पाहा, सारखाच दिसतो आणि कुठेही घरंगळतो. घन जिथे ठेवाल तिथे बसतो. दंडगोल दोघांच्या मधला, आडवा केला तर घरंगळतो, उभा केला तर बसतो. घनाला एका बाजूच्या मध्यावर दोरी बांधून गरगर फिरवले की त्यात दंडगोल दिसू लागतो. एका आकारात दुसरा लपलेला आहे, हे मुलाला डोळ्यांनी दिसते.

तिसरी भेट दोन इंचांचा घन. तो एकेक इंचाच्या आठ छोट्या घनांत सुटतो. चौथ्या भेटीत तेवढाच घन, पण तो आठ विटांत सुटतो. प्रत्येक वीट २ इंच लांब, १ इंच रुंद आणि अर्धा इंच जाड. हिशेब केला तर एक वीट आणि एक छोटा घन यांचे आकारमान सारखेच, प्रत्येकी १ घन इंच. म्हणजे लाकूड तेवढेच, आकार वेगळा. विटांनी लांब भिंत होते, छोट्या घनांनी तेवढी लांब होत नाही. मोठ्या वर्गात जे आकारमानाच्या सूत्रात येते, ते चार वर्षांचे मूल बोटांनी अनुभवते. पाचव्या भेटीत तीन इंचांचा घन आणि त्यातले काही छोटे घन तिरके कापलेले. त्यामुळे छप्पर उतरते करता येते.

या ठोकळ्यांशी तीन प्रकारे खेळायचे. एक, ओळखीच्या वस्तू करायच्या. खुर्ची, जिना, पूल, पलंग. दोन, संख्या समजून घ्यायची. अख्ख्याचे दोन अर्धे, चार पाव, मग आठ तुकडे, आणि परत जोडले की अख्खा. तीन, नक्षी करायची. मधले चार ठोकळे तसेच ठेवून बाजूचे चार सारख्या अंतराने सरकवले की रांगोळीसारखी नवी आकृती तयार होते.

नियमही होते. पेटी टेबलावर उपडी करून अलगद उचलायची, म्हणजे आधी अख्खा घन दिसतो. सगळे तुकडे वापरायचे. एक रचना मोडून न टाकता तिच्यातूनच दुसरी करायची, खुर्चीचा जिना, जिन्याचा पूल. शेवटी सगळे तुकडे परत पेटीत, पुन्हा घनाच्या रूपात. पसारा आवरणे हाही त्याच खेळाचा भाग होता.

शिकवणार कोण होते?

त्या काळी जर्मनीत शिक्षक बहुतांश पुरुष असत. फ्रोबेल यांनी मात्र किंडरगार्टनसाठी तरुण स्त्रियांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. मुले सांभाळणे हा बाईचा स्वभावच, त्यात शिकायचे काय, असे मानणाऱ्या समाजात त्यांनी त्याला अभ्यासाचे आणि पगाराचे काम बनवले. घरची नोकरचाकरी किंवा श्रीमंतांघरची शिकवणी यापलीकडे मध्यमवर्गीय मुलींना काम नव्हते, त्या काळात ही मोठी वाट होती. तिच्यावर टीकाही झाली.

१८४९ मध्ये फ्रोबेल बाड लीबेनश्टाइन येथे आले. गावातली मुले त्यांच्यामागे धावत आणि हे पांढऱ्या केसांचे गृहस्थ त्यांच्याबरोबर उड्या मारत खेळत. लोक त्यांना म्हातारा वेडा म्हणत. हे ऐकून बेर्था फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो ही उमराव घराण्यातली स्त्री त्यांना पाहायला गेली आणि कायमची अनुयायी झाली. पुढे युरोपभर फिरून तिने किंडरगार्टनचा प्रसार केला.

पहिली पत्नी विल्हेल्मिने १८३९ मध्ये वारली होती. १८५१ मध्ये फ्रोबेल यांनी आपल्या प्रशिक्षणार्थींपैकी लुईझ लेव्हिन यांच्याशी विवाह केला. जवळच्या मारिएंटाल येथील प्रशिक्षण केंद्राचे काम दोघे मिळून पाहू लागले.

सरकारने बंदी का घातली?

याच वर्षी, ७ ऑगस्ट १८५१ रोजी, प्रशियाचे शिक्षणमंत्री कार्ल फॉन राउमर यांनी राज्यातल्या किंडरगार्टनवर बंदीचा हुकूम काढला. या शाळा समाजवादी विचारांच्या असून मुलांना नास्तिक बनवतात, असा आरोप होता. त्यासाठी स्त्रियांचे उच्च शिक्षण आणि किंडरगार्टन यांवरच्या एका पुस्तिकेचा आधार घेण्यात आला. पण ती पुस्तिका फ्रेडरिक यांची नव्हती. ती त्यांचे पुतणे कार्ल फ्रोबेल यांची होती. आडनावाचा घोळ झाला होता.

फ्रेडरिक यांनी चूक लक्षात आणून दिली. आपण धर्मोपदेशकाचे पुत्र आहोत, आपल्या सगळ्या विचारांच्या मुळाशी ईश्वरावरची श्रद्धा आहे, हे त्यांनी परोपरीने सांगितले. मंत्र्यांनी हुकूम मागे घेतला नाही.

घोळ केवळ आडनावाचा असता तर तो खुलाशानंतर मिटला असता. १८४८ ची क्रांती नुकतीच चिरडली गेली होती आणि सरकार प्रत्येक नव्या गोष्टीकडे संशयाने पाहत होते. किंडरगार्टनला पाठिंबा देणाऱ्यांत लोकशाहीवादी आणि चर्चच्या चौकटीबाहेर पडलेले लोक बरेच होते. शिकलेल्या, स्वतः कमावणाऱ्या स्त्रिया होत्या. आणि मुले तर अशी, जी गोलात बसतात, प्रश्न विचारतात आणि हुकमाशिवाय काम करतात. आज्ञाधारक प्रजा हवी असलेल्या राजवटीला ते पुरेसे होते.

मारिएंटाल प्रशियाच्या हद्दीबाहेर असल्याने तिथले काम चालू राहिले, पण फ्रोबेल खचले. १८५२ च्या एप्रिलमध्ये त्यांचा सत्तरावा वाढदिवस मुलांनी आणि प्रशिक्षणार्थींनी साजरा केला. त्यानंतर गोथा येथे शिक्षकांच्या परिषदेला ते गेले, तेव्हा त्यांना पाहून सभागृह उभे राहिले. काही आठवड्यांतच, २१ जून १८५२ रोजी, मारिएंटाल येथे त्यांचे निधन झाले. बंदी त्यानंतर आठ वर्षांनी, १८६० मध्ये उठली. श्वाइना गावात त्यांच्या समाधीवर दुसऱ्या भेटीतले तीन आकार एकावर एक रचले आहेत. खाली घन, मध्ये दंडगोल, वर गोल.

बंदीनंतर किंडरगार्टन जगभर कसे पसरले?

बंदीमुळे ही कल्पना देशाबाहेर जायला उलट मदत झाली. राजकीय कारणांनी जर्मनी सोडलेल्या कुटुंबांनी ती सोबत नेली. १८५१ मध्येच बेर्था रोंगे यांनी लंडनमध्ये किंडरगार्टन सुरू केले. त्यांची बहीण मार्गारेथे शुर्ट्झ यांनी १८५६ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील वॉटरटाऊन येथे जर्मन भाषिक मुलांसाठी वर्ग घेतला. १८६० मध्ये एलिझाबेथ पीबडी यांनी बॉस्टनमध्ये इंग्रजी किंडरगार्टन उघडले. १८७३ मध्ये सुझन ब्लो यांनी सेंट लुईस येथे ते सरकारी शाळेत आणले. जपाननेही १८७६ मध्ये टोकियोत किंडरगार्टन सुरू केले.

त्याच १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका आईने फ्रोबेल यांचे ठोकळे पाहिले आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी घेतले. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट. आपल्या कामावर या ठोकळ्यांचा प्रभाव असल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले. भूमितीय घुमटासाठी ओळखले जाणारे अभियंते बकमिन्स्टर फुलर यांनीही किंडरगार्टनमध्ये वाटाणे आणि काड्यांनी केलेल्या त्रिकोणी सांगाड्याची आठवण सांगितली आहे.

या पद्धतीवर टीका कोणती झाली?

फ्रोबेल यांच्यानंतर अनेक ठिकाणी खेळाची कवायत झाली. शिक्षिका सांगेल तेव्हाच पेटी उघडायची, सगळ्यांनी एकच आकृती करायची, असे प्रकार सुरू झाले. इतके बारीक काम लहान बोटांना आणि डोळ्यांना झेपत नाही, असाही आक्षेप आला. अमेरिकेत जॉन ड्युई यांनी ठरावीक क्रमाच्या हट्टावर टीका केली. पॅटी स्मिथ हिल यांनी इंचभर ठोकळ्यांऐवजी मुलांना आत शिरता येईल एवढे मोठे ठोकळे वर्गात आणले. आकारांना फ्रोबेल जो गूढ आध्यात्मिक अर्थ देत, तो आज फारसे कोणी मानत नाही. मात्र कृतीतून, खेळातून आणि सोबतीतून शिकणे हा त्यांच्या मांडणीचा गाभा टिकला.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

मराठीतला बालवाडी हा शब्द किंडरगार्टनच्या फार जवळ आहे. कोकणात नारळी-पोफळीची वाडी म्हणजे बागच. लहान मुलांच्या शिक्षणाचे काम आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर उभे राहिले ते मात्र फ्रोबेल यांच्यानंतरच्या इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्या प्रभावाने. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक १९२३ मध्ये तिथे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे (आता पालघर जिल्हा) काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले.

महागडी लाकडी साधने आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. मग बिया, शंख-शिंपले, पाने, काड्या, माती यांचीच साधने झाली. मूल शाळेत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात नेली गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले.

आज केजीत काय बदलते आहे?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळ व कृतीवर भर दिला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने याच वयोगटासाठी ‘जादुई पिटारा’ आणला. खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रे असलेली ही पेटी आहे. ज्या कल्पनेवर एका सरकारने बंदी घातली होती, ती दुसऱ्या एका सरकारचे धोरण झाली आहे.

धोरण बदलले तरी वर्गातला दिवस आपोआप बदलत नाही. केजीच्या वेळापत्रकात ओळीत अक्षर गिरवणे, शंभरपर्यंतचे आकडे, स्पेलिंग आणि गृहपाठ शिरले की पहिली जागा जाते ती ठोकळ्यांची आणि मातीची. ही मागणी अनेकदा पालकांकडूनच येते, कारण वही भरलेली दिसते आणि ठोकळ्यांचा पूल घरी आणता येत नाही.

त्यामुळे केजी निवडताना पालकांना काही साध्या गोष्टी पाहता येतील. वर्गात मुलांच्या हाताला येतील असे ठोकळे आहेत की ते शोभेसाठी कपाटात बंद आहेत? सगळ्यांनी एकसारखेच चित्र रंगवले आहे की प्रत्येकाचे वेगळे? मातीत हात घालायला जागा आहे का? मूल मोठ्या माणसाच्या सूचनेशिवाय सलग किती वेळ आपल्या कामात रमू शकते? मूल वर्षभरात किती पाने लिहिते, यापेक्षा या प्रश्नांची उत्तरे केजीबद्दल अधिक सांगतात. फ्रोबेल यांच्या किंडरगार्टनमध्ये मुलांना वह्या नव्हत्या, पण प्रत्येकासाठी एक वाफा राखलेला होता.